खुर्ची रिकामी होती ना?

दिवा राहू द्या, काकू. मालवू नका. आतल्या खोलीत ताई झोपली आहे. तिला उजेडाचा त्रास होत नाही, अंधाराचा मात्र अलीकडे होतो.

परवा तुम्ही जिन्यात विचारलंत, मी रोज सकाळी मागच्या नळावर ताईचा एकच पाय का धुते. एवढी धडधाकट बाई, आणि धाकटी बहीण उकिडवी बसून तिचा पाय घासतेय, तोही एकच. मी चिखल्या झाल्यात म्हणून थाप मारली. तुम्हाला ती पटली नाही हे तुमच्या भुवयांवरून कळलंच. आज सांगते. फक्त मध्येच ‘अगोबाई’ म्हणू नका. मी दचकते.

कॉलेजला सुट्टी लागली तेव्हाची गोष्ट. मी तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस म्हणून नुकतीच लागले होते. लॅबचे सर म्हणजे एक नमुना. त्यांची वाक्यं ठरलेली. बॅकअप म्हणजे छत्री, ढग आल्यावर शोधायची नसते. विद्यार्थ्यांना हेच, शिपायाला हेच, आणि मला तर येता-जाता हेच. त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून ते परगावी निघाले आणि सुट्टीतलं काम माझ्यावर सोपवून गेले.

काम तसं साधं होतं. लॅबमध्ये मशीनच्या चार रांगा. वर्षभर पोरं त्यांत काय वाट्टेल ते कोंबून ठेवतात. म्हणून दर सुट्टीत सगळी पुसून नव्यासारखी करायची. पण एकेका मशीनवर बसून एकेक गोष्ट घालत बसलं तर पुढची सुट्टी उजाडायची. त्यासाठी युक्ती असते. एकच मशीन निवडायचं, आमच्याकडे पहिल्या रांगेतलं खिडकीजवळचं. ते नीट तयार करायचं आणि त्याच्या डिस्कची इमेज काढायची. इमेज म्हणजे चित्र खरं, पण तुम्ही समजता तसं नाही. घराचा फोटो काढला तर त्या फोटोत जाऊन राहता येत नाही. यात येतं. डिस्कवरचा कण न् कण जागच्या जागी उतरवून घेतलेला असतो. ती इमेज दुसऱ्या मशीनवर टाकली, की ते डोळे उघडतं तेच मुळी पहिलं होऊन.

जाण्याआधी सरांनी मला सगळं एकदा करून दाखवलं. कोणी लॉगिन असेल तर त्याला आधी बाहेर काढायचं. मग मशीन पूर्ण बंद करायचं, वेगळ्या पेन ड्राइव्हवरून उठवायचं आणि मगच इमेज घ्यायची. इथवर ठीक होतं. पण त्यानंतर त्यांनी मशीनसमोरची फिरती खुर्ची ढकलत नेली आणि तोंड भिंतीकडे करून उभी केली. इमेज निघेपर्यंत हिच्यावर कोणी बसायचं नाही, म्हणाले. मी हसून विचारलं, खुर्चीचा काय संबंध? ते हसले नाहीत.

“जागेपणी घेतलेली इमेज पुढे जागीच उठते,” एवढंच बोलले आणि बॅगेची चेन लावायला लागले. मला वाटलं, वय झालं.

आता लॅब कशी आहे ते सांगते. तळमजल्याच्या टोकाला, लांबलचक. पडद्यांवर चकाकी येऊ नये म्हणून खिडक्यांना काळा कागद लावलेला. त्यामुळे बाहेर रखरखीत दुपार असली तरी आत कायम तिन्हीसांज. सुट्टीत तर बोळात चिटपाखरू नसतं. मशीनचे पंखे एका सुरात घुमत राहतात आणि कोपऱ्यातलं लोखंडी कपाट मधूनच ‘कड्’ करतं. पहिल्या दिवशी त्या ‘कड्’ला मी दोनदा बाहेर पळाले. दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन गेले.

आमची ताई तुम्ही आत्ता पाहता तशी नव्हती हो. ती बालवाडीत शिकवते, पोरांची नावं, त्यांच्या डब्यातलं, त्यांच्या आज्यांची दुखणी, सगळं तिला पाठ. आई गेली तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होते. राहिलेली अक्षरं ताईनं गिरवून घेतली. तेव्हापासून मी पालीला घाबरले, विजेला घाबरले, परीक्षेला घाबरले, की ती एकच हाक मारायची, “ये गं माझी भित्री भागूबाई.” पुढेपुढे नुसतं भागूबाई उरलं. माझं खरं नाव तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवतच नव्हतं.

ती आली ती सर्दी घेऊनच. नाकाकपाळाला बाम चोपडलेला. खिडकीजवळच्या मशीनसमोर बसली, उजव्या पायातली चप्पल टेबलाखाली भिरकावली आणि त्या अनवाणी पायाचा अंगठा जमिनीला टेकवून खुर्ची हलवायला लागली. अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. कुर्र... कुर्र... लहानपणापासून तिची ही खोड. तेवढा आवाज असला की मला कपाट ऐकू यायचं नाही. मशीनवर पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव असतो, तो तिनं उघडला. मी माझं काम करत राहिले, ती पत्त्यांशी भांडत राहिली.

इमेज घ्यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, ताई, ऊठ आता. ती म्हणाली, “हा एवढा डाव संपू दे गं. किलवरची राणी अडकलीये. बदामचा राजा निघाला की सुटलंच.”

खरं म्हणजे उठवायलाच हवं होतं. पण काकू, ती उठली असती तर मशीन बंद, पडदा काळा, भिंतीकडे तोंड केलेली रिकामी खुर्ची, आणि तिकडे बघत मी. माझ्याच्यानं ते होईना. शिवाय नव्या प्रोग्रॅममध्ये चालू मशीनचीही इमेज घेता येते, तशी सोयच असते. म्हटलं, सरांची खुर्ची सरांपाशी. मी बटण दाबलं.

हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. अर्ध्यावर आली असेल नसेल, कुर्रकुर्र थांबली. मी वळून बघितलं. ताई ताठ बसली होती, हात माउसवर तसाच.

“काय गं?”

“काही नाही. डोक्यावरून कुणीतरी ओला हात फिरवत... खाली आणतंय, असं वाटलं.”

सर्दीमुळे असेल, मी म्हटलं. पट्टी भरली तेव्हा ती खुर्चीतच पेंगत होती. डाव तसाच सोडून उठली. घरी जाऊन जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठली. मी मात्र खूश होते. इमेज तपासून पाहिली, कुठे खोट नाही, एक कण इकडचा तिकडे नाही. म्हटलं, सर आल्यावर कौतुक करतील.

पुढचे दिवस मी एकटीच गेले, ताईला थकवा होता म्हणून. पहिल्या रांगेवर इमेज टाकली. पहिलं मशीन उठलं आणि मी बघतच राहिले. पडद्यावर पत्त्यांचा डाव. अर्धा. किलवरची राणी अडकलेली.

असं होत नसतं, काकू. इमेजमधून फायली येतात, उघडी खिडकी येत नाही. चुलीचं चित्र काढलं म्हणून त्यावरचं दूध उतू जात नाही, तसंच आहे हे. पण रांगेतल्या एकेका मशीननं डोळे उघडले आणि एकेकावर तोच डाव, तीच राणी. मी स्वतःची समजूत घातली. नवीन प्रोग्रॅम आहे, येत असेल काहीतरी. घाबरट माणसाला स्वतःची समजूत घालायचा सराव असतो.

एका मशीनची डिस्क त्यातच गेली. डाव पडद्यावर आला, क्षणभर दिसला, आणि आतून आवाज सुरू झाला... टक. टक. टक. नखानं आतून ठोकल्यासारखा. पडदा गोठला. जुन्या डिस्क जातात अशा, नवल नाही. मी वायर ओढली, ती डिस्क काढून मोडक्या सामानाच्या खोक्यात टाकली, नवी बसवली, तिच्यावर पुन्हा इमेज टाकली. हे लक्षात ठेवा.

इमेज टाकून झाली, की प्रत्येक मशीनला वेगळं नाव द्यावं लागतं. नाहीतर सगळी एकाच नावाची, आणि हाक मारली की सगळीच ओ देणार. ते नाव टाकायला मी खुर्चीवर बसले. खुर्ची गरम होती.

उठलेल्या माणसाची ऊब असते ना, तशी. मी पटकन दुसऱ्या खुर्चीवर गेले. तीही तशीच. पुढची हाताच्या पंजानं चाचपली. तीही. लॅबमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि बामाचा वास येत होता.

मग मी बसायचंच सोडलं. उभ्या उभ्या, वाकून नावं टाकली. दुसरी रांग झाली, तिसरी लागली. वास वाढत गेला, इतका की दारातच डोळ्यांत पाणी यायचं. आणि मी पाठ वळवली की मागून हळूच... कुर्र. वळून बघावं तर सगळ्या खुर्च्या मुकाट्यानं उभ्या. फक्त सगळ्यांची तोंडं किंचित डावीकडे. मघाशी उजवीकडे होती.

घरी ताई विरत चालली होती. अंगानं म्हणाल तर नाही, जेवत होती, चालत होती. पण पहिल्या रांगेच्या दिवशी सर्दी अचानक गेली आणि बामाचा वासही. दुसऱ्या रांगेच्या दिवशी बालवाडीतल्या एका मुलीची आई रस्त्यात भेटली, तर हिला त्या मुलीचं नाव आठवेना. ती बाई गेल्यावर ताई रस्त्यातच रडली. तिसऱ्या रांगेनंतर वाक्यं पुरी होईनात. “भाजीत मीठ...” म्हणायची आणि कुणीतरी पुढचा भाग घेऊन गेल्यासारखी थांबायची. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, आराम करू द्या. मी सुटकेचा श्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या रांगेला हात घातला. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी होत्या, पण एकमेकींना लागत नव्हत्या.

त्या लागल्या त्या दिवशी दुपारी. रांगेतल्या शेवटच्या मशीनची वायर मागून निसटली होती. टेबलाखाली शिरून मी हात लांबवला आणि हाताला पाय लागला. अनवाणी. कोमट. अंगठा जमिनीला टेकलेला.

मी ओरडलेसुद्धा नाही. रांगत मागे सरले, धावत सुटले, घर गाठलं. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, हात मांडीवर, नजर भिंतीवर. दारातूनच हाक मारली, “ताई...”

तिनं मान वळवली नाही. बारीक आवाजात विचारलं, “कुठली?”

“ताई, मी बोलतेय. ऐकतेस ना?”

“सगळ्या ऐकतायत,” ती म्हणाली.

सरांना फोन लावला तेव्हा मागे बाळ रडत होतं. मी काय बोलले, कसं बोलले, मला आठवत नाही.  ते चालत कुठेतरी लांब गेले असावेत, कारण बाळाचा आवाज बंद झाला. मग त्यांनी एकच विचारलं.

“खुर्ची रिकामी होती ना?”

“नव्हती.”

“कोण बसलं होतं?”

“माझी ताई.”

 त्यांनी भराभर सांगितलं, आणि आवाज नेहमीचा नव्हता. काही पुसायचं नाही. मशीनची वायर ओढायची नाही. पुसलं तर जे त्यात बसलंय ते पुसलं जाईल. इमेज पुन्हा कशावर टाकायची नाही, दर वेळी ती तुमच्या बहिणीतूनच वाटा काढते. बसलेल्याला उठवायचं, त्याच्या मनानं. ती काय करत बसली होती? डाव? मग डाव तिलाच संपवू द्या. संपला की नीट लॉगआउट, नीट बंद, खुर्ची भिंतीला. एकही खुर्ची सोडू नका.

तुम्हाला हे कसं माहीत, मी विचारलं. ते म्हणाले, “मी खुर्ची उगीच बाजूला ठेवत नाही,” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईला हाताला धरून नेलं. कॉलेजच्या दाराशी रखवालदारानं विचारलं, बाईंना बरं नाही का? मी म्हटलं, झोप झाली नाही. लॅबचं दार उघडलं आणि चारही रांगांमधून एकदम... कुर्र. ताईच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

खिडकीजवळच्या खुर्चीत तिला बसवलं. माउसवर हात ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या पायातली चप्पल तिनं आपणहून काढली. अंगठा जमिनीला टेकला. खुर्ची हलली. बोट हललं. एक पत्ता उचलला, दुसऱ्यावर ठेवला, मग आणखी एक. बदामचा राजा निघाला, राणी सुटली, आणि पडद्यावर पत्त्यांचा पाऊस पडला, जिंकल्यावर पडतो तसा. मी लॉगआउट केलं, मशीन बंद केलं, खुर्ची भिंतीला लावली. हात लावून पाहिला, थंड पडली होती. आणि ताईनं भला मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा, आणि शिंकली.

त्या शिंकेला मी रडले, काकू.

मग एकेक खुर्ची. पहिली रांग संपताना तिनं पाणी मागितलं. दुसऱ्या रांगेत बालवाडीतल्या त्या मुलीचं नाव मध्येच बोलून गेली, मागून तिच्या आजीचं गुडघ्याचं दुखणंही. तिसऱ्या रांगेत माझी ताई बऱ्यापैकी माझी ताई झाली होती. “किती वेळा तोच डाव खेळवशील? तुझ्या सरांना म्हणावं, खुर्च्या घेतल्या तसा एखादा नवा डावही घ्यायचा होता,” म्हणाली. मी हसत होते. मी वाट बघत होते. ती मला हाक कधी मारते याची.

शेवटची खुर्ची भिंतीला लागली. लॅबमध्ये कसलाच आवाज उरला नाही. बामाचा वास आता फक्त ताईच्या अंगाला येत होता. ती चप्पल घालत वळली, माझ्याकडे बघून छान हसली आणि तिनं मला हाक मारली. माझ्या नावानं. शाळेच्या दाखल्यावर आहे त्या पूर्ण नावानं, बाई पोरांची हजेरी घेतात तशी.

मी म्हटलं, भागूबाई म्हण ना.

तिनं विचारलं, “भागूबाई कोण?”

तिथंच मला ती डिस्क आठवली. टक टक करत होती ती. त्या मशीनवर मी इमेज दोनदा टाकली होती. दुसरी बसलेली उठली. पहिली उठायची राहिली होती.

खोक्याकडे धावले. खोकं रिकामं. झाडणाऱ्या मावशींना गाठलं, तर त्या म्हणाल्या, भंगारवाला परवाच उचलून घेऊन गेला की, तुमचं काही होतं का त्यात? काय सांगणार? तशीच भंगारवाल्याकडे गेले. कुंपणामागे लोखंडाचा डोंगर. डबे, गज, पंख्यांची पाती, फुटलेल्या मशीनची टरफलं. त्या माणसानं मला शोधू दिलं, वरून हसलाही. म्हणाला, ताई, यात सुई शोधली असतीत तर एकवेळ सापडली असती. हे सगळं कुठे जातं, मी विचारलं. ट्रक भरला की भट्टीला, तो म्हणाला. वितळवतात. आणि ट्रक कधी भरतो? त्याचा काही नेम नसतो, कधी महिना, कधी जास्त.

त्यानंतर मी रोज जाते. कॉलेज सुटलं की तिकडून येते, म्हणून मला उशीर होतो. तुम्ही त्याबद्दलही एकदा टोमणा मारला होतात, मी ऐकला होता. हातमोजे घालून वरचा थर उपसते. पुष्कळ डिस्क सापडल्या, एकही आमची नाही. सर परत आले, तेही दोनदा येऊन उपसून गेले. इमेज ज्या डिस्कवर होती ती त्यांनी माझ्याकडून घेतली आणि कुलपात ठेवली. पुसायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

ताई बरी आहे. तुम्ही बघताच. बालवाडीत जाते, पोरांना हसवते, शेजाऱ्यांची थट्टा करते. माझ्याशी नीट वागते. फार नीट. पाहुण्याशी वागावं तशी. वीज कडाडली की मी तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. ती विचारते, काही हवंय का? मी नाही म्हणते.

फक्त हा पाय. त्या दिवसानंतर दुसऱ्याच सकाळी दिसलं. रात्री स्वच्छ पाय धुऊन झोपलेली बाई, सकाळी उजवा तळवा तांबूस झालेला. मी बोटानं पुसून पाहिलं. गंज होता, काकू. गंज आणि काळं तेल. डावा पाय निर्मळ. दार आतून बंद, चपला जागेवर. तेव्हापासून रोज. मध्ये पाऊस झाला त्या सकाळी तो पाय ओला होता, बोटांत चिखल. एकदा टाचेला पत्र्यानं कापल्यासारखी चीर होती. ताईला दुखत नाही, ती म्हणते मुंग्या येतात. कधीकधी झोपेत पाय हलतो. अंगठा गादीला टेकवून, अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे.

मी तर त्या गंजाची वाट बघायला लागले होते. गंज आहे म्हणजे ती अजून त्या डोंगरातच आहे. पाय घासताना मी हळूच सांगते, येतेय गं मी, थांब.

आज मी तुम्हाला वर बोलावलं ते एवढं सांगायला नाही. मला एकटीला बसवेना. आज भंगारवाल्याकडे गेले तेव्हा कुंपणामागे मोकळी जमीन होती. झाडून काढल्यासारखी. पहाटेच ट्रक गेला, तो म्हणाला.

मी घरी आले, ताई झोपली होती. एरवी तिचा डोळा लागला की तळव्यावर गंज चढायला लागतो. पांघरूण सरकवून पाय बघितला. गंज नव्हता. तेल नव्हतं. तळवा कधी नव्हे इतका स्वच्छ. मला वाटलं, सुटलं सगळं. आणि मग मी हात लावला.

तापाचं म्हणाल, तर कपाळ गार आहे, दुसरा पाय गार आहे. चला आत, तुम्हीच लावून बघा. पण पटकन लावा आणि पटकन काढा, मघाशी मला चटका बसलाय. मघापासून ती झोपेत काहीतरी पुटपुटतेय... ऐका.

ती भागूबाईला हाका मारतेय.